गव्हाशिवाय एक ताट

"पानात पडेल ते खावं. नाही पडलं तर पाणी पिऊन हसावं. पण मागायचं नाही, बाळा. मागणाऱ्याचं तोंड लोकांच्या लक्षात राहतं."

मोठ्या मावशीचा हा आवाज बाबांच्या कानात लहानपणी शिरला, तो बाहेर पडायचं विसरला. कुणाकडे जेवायला निघताना मावशी दारातच त्यांचे केस ओले करून चापूनचोपून बसवायची आणि हे ऐकवायची. पुढे केस गेले, मावशी गेली, आवाज राहिला. बाबांचं लग्न झालं, दोन मुलं झाली, पण बसमध्ये कुणी त्यांच्या पायावर पाय देऊन उभं राहिलं, तर "जरा पाय काढता का?" म्हणण्याऐवजी ते त्या माणसाचा थांबा यायची वाट बघत. तोवर स्वतःचा थांबा मागे गेलेला असे. मग चालत परत येत.

अशा माणसावर आईनं एक फोन सोपवला.

सहल थीम पार्कची होती. मुलांनी वर्षभर घोकलेली, उशाखाली घेऊन झोपलेली. आई लहान मुलांना पोहायला शिकवते. तलावाच्या या काठावरून त्या काठाला हाक मारायची सवय, त्यामुळे ती स्वयंपाकघरात मीठ मागते तेव्हा शेजारीण मीठ घेऊन येते. तिकिटं तिनं काढली, गाडी तिनं ठरवली, धाकट्या ढब्बूच्या बुटांना नवे बंद तिनं ओवले. उरली होती मुंगीच्या जेवणाची सोय.

मुंगी थोरली. सहा वर्षांची. साखरेचा डबा कुठेही लपवला तरी बरोब्बर हुडकून काढायची म्हणून मुंगी. पण तिच्या पोटाचं आणि गव्हाचं जन्माचं वैर. पाव नाही, बिस्किट नाही, केक नाही. सूप दाट करायला चिमूटभर पीठ लावलं असलं तरी पोट ढोलासारखं फुगायचं आणि ती अंगाचं मुटकुळं करून कण्हत पडायची. मागे बाबांच्या साहेबांच्या घरच्या एका वाढदिवसाला तसंच झालं होतं. सुपात पीठ आहे का, एवढं विचारायचं होतं. साहेबांची बायको वाडगा घेऊन समोर उभी होती. बाबांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "वा, काय सुरेख वाडगे आहेत!" पुढचे किती तरी दिवस मुंगीच्या पोटाला ऊन पाण्याची पिशवी होती. आई त्यांना एका शब्दानं बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणूनच, हा फोन तिनं मुद्दाम त्यांच्याकडे दिला. "तेवढं तुम्ही करा हो. आधी कळवलं तर वेगळं करून देतात म्हणे."

"करतो की," बाबा म्हणाले. आणि मनात ठरवलं, या वेळी चुकायचं नाही.

कुणी म्हणेल, एका फोनचं एवढं काय? बाबा तर दिवसभर फोनच घ्यायचे. फ्रिज बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात त्यांची नोकरी. पण तिथेच तर घोडं पेंड खात होतं. फोनच्या पलीकडची खोली कशी असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाईक जरा काही जगावेगळं मागायला लागलं की शेजारच्या टेबलावरची बाई आवाज बंद करायचं बटण दाबून सगळ्यांना सांगायची, "आला गं बाई, माझ्या वाट्याला नमुना!" मग त्या गिऱ्हाइकाला नाव मिळायचं. फ्रिजमधला दिवा डोळ्यांत खुपतो, मंद करून द्या, म्हणणारे आजोबा झाले घुबडराव. फ्रिजची घरघर सुरात नाही अशी तक्रार करणाऱ्या गाण्याच्या बाई झाल्या भुंगाबाई. आणि लाजेची गोष्ट अशी, की नावं ठेवण्यात बाबांचा हात धरणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. घुबडराव त्यांचेच. भुंगाबाईही त्यांच्याच.

आता पलीकडे कुणीतरी बटण दाबणार होतं आणि इकडे बाबा गिऱ्हाईक होणार होते. आपलं नाव काय पडेल? कोंडोबा? पिठाजीराव?

तरी त्यांनी फोन लावला. जेवणाच्या सुट्टीत, जिन्याखाली उभं राहून.

"नमस्कार! बोला, काय मदत करू?" पलीकडची मुलगी मधासारखी बोलली. असला मध बाबा स्वतः दिवसभर ओतायचे. त्याच्या तळाशी काय असतं ते त्यांना माहीत होतं.

"तुम्ही... उघडता कधी?"

"सकाळी, सर."

"सकाळी. वा. छान." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धीर करून पुन्हा लावला. तोच मध. "आणि... बंद कधी करता?"

"संध्याकाळी, सर."

"बरोबर आहे. संध्याकाळीच करायला हवं."

तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा मुलीनं आवाज ओळखला. "सर, आज काय विचारायचंय? मधल्या वेळात जेवायला काय असतं ते?"

खरं तर दार सताड उघडलं होतं. आत पाऊल टाकायचं फक्त. पण बाबांना वाटलं, हिनं आपल्याला ओळखलं म्हणजे नावही ठेवून झालं. कानाच्या पाळ्या तापल्या आणि फोन आपोआप खाली गेला.

संध्याकाळी आईनं विचारलं, "झाला का फोन?"

"झाला."

हे खोटं नव्हतं. एक सोडून तीनदा झाला होता.

"काय म्हणाले मग? करून देतील ना?"

इथवर खरेपणाची छत्री फाटकी का होईना, डोक्यावर होती. इथे वारा आला आणि छत्री उडाली. "हो," बाबा म्हणाले, "देतो म्हणाले."

आईचा चेहरा असा उजळला की बाबांनी मान फिरवून खिडकीचा पडदा सारखा केला. पडदा सारखाच होता. मग ती बातमी तलावाच्या दोन्ही काठांना गेली, तिच्या माहेरी गेली, शेजारणीकडे गेली. "आमच्या ह्यांनी स्वतः फोन करून सगळं ठरवलं हो! बोलत नाहीत म्हणून काय झालं, वेळ आली की करतात!" शेजारणीनं आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं की तो बिचारा उगाच उठून केर काढू लागला.

बाबा रोज ठरवायचे, आज सांगू. आणि रोज आईच त्यांचं कौतुक करून तोंड बंद करायची. सहल जवळ आली तशी ती म्हणाली, "तरी मी एक डबा घेऊ का बरोबर? नाहीतर असं करा, परत एक फोन करा. बाहेरचा डबा आत चालतो का, विचारा. तुमची आता ओळख झालीये."

परत फोन! बाबा इतक्या घाईनं बोलले की वाक्याला श्वासच उरला नाही. "नाही चालत विचारलं मी तेव्हाच नाहीच म्हणाले."

"बघा! तेही विचारून ठेवलंत!" आई म्हणाली आणि डबा फळीवर उलटा घातला. त्या डब्याचं बूड वर झालेलं बघून बाबांना आपणच फळीवर पालथे पडलोय असं वाटलं.

जायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून त्यांनी गुपचूप बटाटे उकडले. बटाट्यात गहू नसतो, एवढं एक सत्य त्यांच्याकडे शिल्लक होतं. रुमालात गुंडाळून दोन्ही खिशांत कोंबले आणि वर कोट चढवला. ऊन मी म्हणत होतं. गाडीत सगळ्यांचे सदरे वारा खात होते आणि बाबा आपल्याच कोटात शिजत होते. मुंगी खिडकीला नाक लावून गाणं रचत होती:

"गोल गोल चाक, आभाळाला धाक,
वर जाऊन चंद्राचं खाजवू या नाक!"

"माझं पण नाक!" ढब्बू ओरडला.

"तुझं खाली ठेव. पडेल." मग तिनं वळून विचारलं, "बाबा, तिथे मला जेवायला खरंच वेगळं आहे? का केळंच?"

"वेगळं आहे गं बाई!" आईनं गाडीच्या टपाला ऐकू जाईल असं सांगितलं. "बाबांनी सांगून ठेवलंय."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. झाडं मागे पळत होती. झाडांचं बरं असतं.

पार्कच्या दाराशी एक पहारेकरीण उभी होती. खांदे दाराएवढे, नजर कुलपासारखी. तिनं बाबांच्या कोटावरून हात फिरवला आणि थांबली. "हे काय?"

"बटाटे."

"बटाटे?"

"उकडलेले."

"खायचं बाहेरचं आत नाही जात. खायचे आहेत का?"

म्हणजे बाबांनी थाप मारली होती ती खरी निघाली! पण आनंद करायला सवड नव्हती. मागे आई कान टवकारून उभी होती. खायचे म्हणावं तर कुणाला? आणि का? बाबांच्या डोक्यात अंधार झाला आणि त्या अंधारात जे हाताला लागलं ते त्यांनी बाहेर काढलं. "खायचे नाहीत. शेकायचे आहेत. गुडघ्यांना."

कुलपासारखी नजर एकदम उघडली. "अगं आई गं. माझ्या वडिलांचे पण असेच गेले हो गुडघे. आणि तुम्ही चालत आलात? थांबा, थांबा, हलू नका!" तिनं शिट्टी फुंकली. पाहता पाहता एक चाकांची खुर्ची आली. बाबांना तीत बसवलं गेलं. मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी आली. मनगटावर पिवळी पट्टी बांधली गेली. "ही असली की कुठल्या पाळण्यात बसायचं नाही, बरं का. आणि आता ह्यांची काय गरज?" असं म्हणून तिनं बटाटे उचलले आणि टोपलीत टाकले. धप्, धप्. मुंगीचं जेवण गेलं.

"गुडघे कधीपासून दुखतात हो?" आईनं विचारलं. तिचे डोळे भरून आले होते. "एवढं सोसता आणि सांगत नाही!"

"तुला कशाला त्रास," बाबा पुटपुटले. यातला 'त्रास' तेवढा खरा होता.

मग सगळा दिवस त्यांच्यावरून गेला. फिरत्या कपबश्यांत आई आणि मुलं बसली. बाबांच्या खुर्चीवर टोप्या, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि ढब्बूचा अर्धा चोखलेला बर्फाचा गोळा बसला. खुंटीला बोलता आलं असतं तर ती बाबांसारखीच काही बोलली नसती. भुताच्या बोगद्याबाहेर काठी टेकत आलेले एक खूप म्हातारे आजोबा होते. त्यांनी पिवळी पट्टी बघितली, सावलीतल्या आपल्या बाकावरून उठले आणि म्हणाले, "इकडे घ्या खुर्ची. मला काय, मी चालू शकतो." आणि लंगडत उन्हात जाऊन उभे राहिले. बाबांनी त्यांना थांबवायला हात वर केला, तर आजोबांना वाटलं नमस्कार केला. त्यांनी उलट नमस्कार केला.

जेवायची वेळ झाली. बाबांचा बेत ठरला होता. भोजनगृहात शिरल्या शिरल्या एकट्यानं आत जायचं, आचाऱ्याचे पाय धरायचे, काहीतरी पैदा करायचं. आज मागायचंच. मावशी काय म्हणायची ते म्हणो.

"मी जरा आत जाऊन येतो," ते उठत म्हणाले.

"खाली बसा!" आईचा आवाज किल्ल्याच्या आकाराच्या त्या भोजनगृहात घुमला. आजूबाजूचे चार अनोळखी लोकसुद्धा खाली बसले. "गुडघे का काय आहेत ते? मी बघते सगळं. तुम्ही तुमचं काम केलंय."

इतक्यात आतल्या दारातून एक अस्वल आलं. तिथले वाढपी प्राण्यांच्या वेशात होते. हे तपकिरी, पोट सुटलेलं, पंज्यांत झाकलेलं ताट धरून. टेबलांच्या मधोमध उभं राहून त्यानं विचारलं, "गव्हाशिवायचं ताट कुणाचं? सहा वर्षांची मुलगी?"

"आमचं!" आई उभी राहिली. "आमचंच! इकडे, इकडे!"

बाबा खुर्चीत पुढे सरकले. क्षणभर त्यांना वाटलं, त्या मधाळ मुलीनं न सांगताच ओळखलं असेल. चमत्कार होतात. मग डोकं ठिकाणावर आलं. चमत्कार होत नाहीत. लोक फोन करतात. कुणीतरी केला होता. हे ताट कुणाचं तरी होतं.

"अगं, जरा ऐक ना..." बाबा म्हणाले.

"नंतर हो! आधी बघा तरी!"

अस्वलानं झाकण उचललं. आत भाताचं छोटं अस्वल पांघरूण घेऊन निजलं होतं. अंड्याचं पिवळंधम्मक पांघरूण, गाजराचं नाक, दोन गोल कान. शेजारी भाज्यांचं सूप आणि भाजलेलं सफरचंद, वर साखरेची चकाकी. मुंगीनं हात लावला नाही. तिनं आधी अस्वलाकडे बघितलं, मग बाबांकडे, मग परत ताटाकडे. "यातलं मला काय चालतं?"

"सगळं," अस्वल म्हणालं.

"सगळं म्हणजे सगळं?"

"तुझ्यासाठीच केलंय, राणी."

जन्मापासून दुसऱ्यांच्या वाढदिवसांना केळं खात आलेल्या त्या पोरीनं चमचा उचलला, अस्वलाच्या पांघरुणाचा एक कोपरा हलकेच दुमडला आणि कुणाला तरी झोपेतून उठवायचं नसावं तशी खाऊ लागली. बाबांचं तोंड उघडलेलं होतं. त्यातून शब्द यायचा होता. आता कसा यावा? घासाघासाला उशीर होत होता आणि घासाघासाला ती हसत होती. बाबांनी तोंड मिटलं. गरम पाण्याची पिशवी कधीच गार झाली होती, पण अंग पेटलं होतं.

ताट जवळजवळ रिकामं झालं तेव्हा शेजारच्या टेबलावर एक कुटुंब येऊन बसलं. गवती टोपी घातलेला उंच माणूस, त्याची चष्मेवाली बायको, आणि पुढचे दात पडलेली, मुंगीएवढीच मुलगी. टोपीवाल्यानं आनंदानं अस्वलाला खूण केली. "आमचं ते गव्हाशिवायचं ताट आणा बरं का. फोन केला होता."

अस्वलानं डोकं खाजवलं. "ते गेलं की."

"गेलं? कुठे?"

"ज्यांचं होतं त्यांना. फोन एकच होता, ताट एकच होतं."

चष्मेवाली हळूच नवऱ्याकडे वळली. "तू केला होतास ना फोन?"

"केला होता गं! घरातूनच नाही का केला!"

"मी ऐकला नाही."

"तू अंघोळीला होतीस."

"तुझे सगळे फोन मी अंघोळीला असतानाच होतात."

इथे आईला राहवेना. ती स्वभावानं वाईट नाही; पण कौतुक पोटात ठेवायला तिच्या पोटात जागाच नाही. "अहो, फोन असा मोघम नाही करायचा हो. आमच्या ह्यांनी बघा, नीट सांगितलं, वय सांगितलं, डब्याचंसुद्धा विचारलं. एवढे गुडघे दुखताहेत, तरी केलं. माणसानं मनावर घेतलं तर होतं!"

सगळ्या भोजनगृहानं बाबांकडे बघितलं. टोपीवाल्यानंही बघितलं. त्या नजरेत राग नव्हता; एका अपुऱ्या नवऱ्यानं पुऱ्या नवऱ्याकडे बघावं तसं तो बघत होता. बाबांना वाटलं, खुर्चीची चाकं आपली आपण फिरावीत आणि सरळ भुताच्या बोगद्यात न्यावीत.

गलका ऐकून आतून मुख्य आचारीण आली. हातांना कोपरापर्यंत पीठ. "दुसरं ताट? आत्ता? नाही हो होणार. ते मी सकाळी भांडी वेगळी घासून, पिठाची पोती उघडायच्या आधी केलं. आता माझ्या स्वयंपाकघरात हवेतसुद्धा पीठ आहे. त्या पोटाशी खेळ नाही करायचा. केळी देऊ शकते."

"केळं नको," दात पडलेली मुलगी म्हणाली. ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "नेहमी केळंच."

बाबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा मुंगी आपलं ताट घेऊन त्या मुलीपाशी उभी होती. ताटात भाताचा एक कान उरला होता. "हा घे. मी शेवटी खायला ठेवला होता. यातलं सगळं चालतं. सगळं म्हणजे सगळं."

त्या मुलीनं कान उचलला आणि दोन घासांत खाल्ला. मग रिकाम्या ताटाकडे बघत राहिली. अजून भूक होती.

आचारीण अस्वलाकडे वळली. "फोनवरच्या मुलीचे निरोप तूच घेतोस ना सकाळी? दोन आले असणार. एक विसरलास. मागच्या खेपेला बजावलं होतं तुला, आता परत असं झालं तर मी तुला वाचवणार नाही म्हणून."

अस्वलानं दोन्ही पंज्यांनी आपलं डोकं काढलं. आत पिकल्या मिशांचा, घामानं निथळणारा, टक्कल पडलेला माणूस होता. त्यानं अस्वलाचं डोकं काखेत धरलं. "एकच आठवतोय मला, बाई. पण वय झालं. विसरलो असेन. माझंच चुकलं."

"नाही, नाही," टोपीवाला घाईनं म्हणाला. "त्यांना कशाला बोलता? कदाचित..." त्यानं टोपी काढून हातात फिरवली. बायकोकडे बघायचा धीर त्याला झाला नाही. "कदाचित मी केलाच नसेल. करायचा होता, म्हणून केला असं वाटलं असेल. होतं माझं असं कधीकधी."

"मला माहीतच होतं," चष्मेवाली म्हणाली. पण लगेच तिनं चष्मा काढून पुसला. "नाही, माझीही चूक आहे. मीच करायला हवा होता. सगळं ह्याच्यावर टाकते आणि वर टोचून बोलते."

"छे हो, चूक माझी!" आता आईही पुढे आली. "मी डबा आणायलाच हवा होता. भांडून आत आणला असता. दोघी पोरी पोटभर जेवल्या असत्या. आपलं झालं म्हणून मी निवांत बसले."

असा तो कबुल्यांचा पाऊस पडू लागला. ज्यांनी काही केलं नव्हतं ते सगळे एकेक करून मान खाली घालत होते. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ उठून म्हणाले, मघाशी पाणी मागायला मीच अस्वलाला अडवलं होतं, माझ्यामुळेच गोंधळ झाला असेल. ढब्बूनंसुद्धा रडवेल्या आवाजात सांगून टाकलं, की भाताच्या अस्वलाचं नाक त्यानं खाल्लं. त्या सबंध किल्ल्यात एकच माणूस निर्दोष उरला होता, आणि तो चाकांच्या खुर्चीत बसला होता.

"तुम्ही नका हो मनाला लावून घेऊ," आई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "तुमचं काही चुकलेलं नाही."

बाबा उभे राहिले.

गार पिशवी घरंगळून फरशीवर पडली. टोप्या पडल्या, बाटल्या पडल्या. डोकं नसलेलं अस्वल धावत आलं. "अहो, साहेब, गुडघे! गुडघे!"

"गुडघ्यांना काही झालेलं नाही," बाबा म्हणाले.

कुठेतरी एक चमचा बशीत वाजला.

"काही झालेलं नाही?" आईनं विचारलं. "मग ते बटाटे?"

"बटाटे मुंगीसाठी होते."

"मुंगीसाठी? तिला कशाला बटाटे? तिच्यासाठी तर तुम्ही फोन करून..." बोलता बोलता आई थांबली. तिनं रिकाम्या ताटाकडे बघितलं, दात पडलेल्या मुलीकडे बघितलं, टोपी हातात धरलेल्या माणसाकडे बघितलं आणि शेवटी नवऱ्याकडे.

बाबांनीही त्या टोपीवाल्याकडेच बघितलं. त्याला घाम फुटला होता. बाबांचा गुन्हा अंगावर घेऊन तो बिचारा पार वाकला होता.

"तुम्ही फोन केला होता," बाबा त्याला म्हणाले. "नक्की केला होता. ह्या काकांनी तो नीट घेतला, बाईंनी ताट नीट केलं. ते ताट तुमच्या मुलीचं होतं, आणि ते समोर आलं तेव्हापासून मला माहीत होतं. मी फोनवर जेवणाचं बोललोच नाही. मला मागायची लाज वाटली. मग, मागितलं नाही हे सांगायची त्याहून जास्त वाटली."